कौलारू घरातला उजेड: एका पुस्तकासाठी कथाचित्रं काढताना

डिसेंबर २०२४ मध्ये एक पुस्तक छापून आलं. त्यातली चौदा कृष्णधवल चित्रं माझी आहेत. पुस्तक खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या आठवणींचं आहे आणि ते त्यांनी स्वतःच प्रकाशित केलं. मी बेळगावात एका पतसंस्थेत नोकरी करते. लहानपणापासून हातात पेन्सिल आहे, पण कलेची पदवी नाही आणि पुस्तकासाठी चित्रं काढायची ही पहिलीच वेळ. करार कसा करायचा, उजेड कुठून दाखवायचा, छपाईत राखाडी रंगाचं काय होतं, हे सगळं विचारत विचारत शिकावं लागलं. तेच इथे क्रमानं लिहून ठेवते आहे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला. माझी काही रेखाटनं त्यांनी एका स्मरणिकेत पाहिली होती. "बाई, फोटो एकबी नाही माझ्याकडं त्या काळातला. घर पडलं, शाळा पडली. तूच काढून दे." चित्रामागे आठशे रुपये ठरले. निम्मे आधी, निम्मे पुस्तक छापायला जाताना. गुरुजींना पैशाचं बोलायला संकोच होत होता, मलाही होत होता, तरी पहिल्याच भेटीत ते बोलून टाकलं. पुढचे सात महिने त्यामुळे सोपे गेले.

करार लेखी केला. आपल्याकडे ओळखीत कागद करायचा म्हटलं की समोरच्याला अविश्वास वाटतो, पण कॉपीराइटचा १९५७ चा कायदा एकदा वाचून बघा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, सांगणारा होतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर तेही लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर पाच वर्षं धरली जातात. आम्ही एका पानावर मराठीत लिहिलं: मूळ चित्रं आणि त्यांचा कॉपीराइट माझा, या पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्यांत छापायचा हक्क गुरुजींचा. दोघांच्या सह्या झाल्या, साक्षीला त्यांचे शेजारी होते. गुरुजींनी तो कागद दोनदा मोठ्यानं वाचला आणि "हे बरं झालं" म्हणाले.

त्यानंतर गावाला जाणं सुरू झालं. शक्ती योजनेमुळे खानापूरपर्यंतची आणि पुढची साधी बस बायकांना फुकट आहे. आधारवर कर्नाटकातला पत्ता असला की झालं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. म्हणून मी एकाच जागी वेगवेगळ्या वेळी जाऊ शकले. उजेडाचं काम करायचं असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. सकाळची ओसरी आणि दुपारची ओसरी या दोन वेगळ्या जागा असतात.

मे महिन्यात आमच्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या ३-४ तारखेला दुपारी साडेबाराच्या आसपास उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच गोळा होते. असा दिवस ऑगस्टच्या ९-१० तारखेलाही येतो, पण तेव्हा ढगांमुळे काही दिसत नाही. गुरुजींच्या एका आठवणीत भर दुपारी खळ्यावर उभ्या असलेल्या वडिलांचं वर्णन आहे. त्यासाठी मी एका शेजारी काकांना पटका बांधून अंगणात उभं केलं. कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. हनुवटीखाली मात्र अंधार हवा तिथे चक्क उजेड होता. तो जमिनीवरून उलटून आलेला उजेड. सारवलेल्या कोरड्या अंगणावर ऊन पडलं की तेच खालून दिवा धरल्यासारखं काम करतं. हा परावर्तित उजेड काढताना एक पथ्य पाळायचं: तो कितीही दिसला तरी उन्हातल्या भागापेक्षा एक पायरी खालीच ठेवायचा. तो जास्त उजळ केला की चेहरा फुग्यासारखा दिसायला लागतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला स्वयंपाकघराच्या चित्राला. गुरुजींचं घर आता नाही, पण त्याच गल्लीत त्याच बांधणीचं एक घर उभं आहे, मातीच्या भिंती आणि वर मंगळुरी कौलं. स्वयंपाकघराला खिडकी नाही. छपरात एक काचेचं कौल बसवलेलं, उजेड येतो तो तिथूनच. घरच्या काकूंनी मला पाट दिला आणि मी सकाळी दहापासून दुपारपर्यंत कोपऱ्यात बसून राहिले.

काचेच्या कौलातून आलेला उन्हाचा पट्टा आधी समोरच्या भिंतीवर, फडताळाच्या वर होता. मग तो हळूहळू खाली आला, डब्यांवरून सरकत चुलीजवळच्या जमिनीवर उतरला. चुलीत लाकूड सारलं की धूर त्या पट्ट्यातून वर जाताना दिसायचा आणि पट्ट्याबाहेर गेला की दिसेनासा व्हायचा. पट्ट्याच्या कडा धारदार नव्हत्या. सूर्य बिंदू नाही, आकाशात त्याला सुमारे अर्ध्या अंशाची रुंदी आहे, म्हणून सावली टाकणारी कड जमिनीपासून जितकी लांब तितकी सावलीची कड विरघळते. ढोबळ हिशेब असा की एक मीटर अंतराला साधारण एक सेंटिमीटर. छप्पर तीन मीटरवर असेल तर कड तीनेक सेंटिमीटर मऊ होते. त्याच जमिनीवर पाटाची सावली मात्र पाटाला लागून एकदम टोकदार. एकाच चित्रात दोन्ही कडा नीट दाखवल्या की छपराची उंची न काढताही कळते.

कौलांच्या फटीतून कवडसेही पडले होते. फटी वेड्यावाकड्या, पण कवडसे सगळे गोल किंवा लांबट गोल. कारण तो प्रत्येक कवडसा सूर्याचीच प्रतिमा असतो. लहानपणापासून मी ते पाहत आले होते, पण वहीत उतरवताना पहिल्यांदा नीट पाहिले. काकूंच्या हातावर एक कवडसा आला होता. भाकरी थापताना हात हलला की तो मनगटावरून बोटांवर जायचा. हेच माझं चित्र आहे हे तिथे बसल्या बसल्या ठरलं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि बाहेरच्या सावल्या संपल्या. खानापूर तालुक्यात, विशेषतः कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात अनेक दिवस ऊन दिसत नाही. ढगाळ उजेड सगळ्या आकाशातून येतो, त्यामुळे पडछाया जवळजवळ नाहीशी होते, पण अंधार असतोच. तो सांदीत साठतो. इरल्याच्या आत, गुडघ्याच्या मागे, बांधाच्या तळाशी. भातलावणीच्या चित्रात मी एकही पडछाया काढलेली नाही. फक्त जिथे दोन गोष्टी एकमेकींना टेकतात तिथे काळं ठेवलं आहे, आणि पाणी साचलेल्या वाफ्यात आकाशाचा पांढरा. पावसाचं चित्र म्हणून तिरप्या रेघा मारायची गरजच पडली नाही.

या दिवसांत घरी अभ्यास केला. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी हे आधी करावं. पितळी तांब्या, एक लिंबू आणि एक घडी केलेलं फडकं टेबलावर ठेवा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि एकच दिवा एका बाजूनं लावा. लिंबावर बघा: उजेडाकडचा भाग, मग मधली फिकट सावली, मग वळणावरचा सगळ्यात गडद पट्टा, त्याच्या पलीकडे टेबलावरून उलटलेला मंद उजेड, आणि टेबलावर पडलेली पडछाया. लिंबू टेबलाला टेकतं तिथली बारीक रेघ सगळ्यात काळी. तांब्यावर हे सगळं मोडतं, कारण पितळ चकाकतं आणि आजूबाजूच्या वस्तूच त्यात दिसतात. डोळे किलकिले करून बघितलं की बारकावे गळतात आणि मोठे अंधार-उजेड उरतात. मोबाइलचा कॅमेरा कृष्णधवल करून बघणं हाही चांगला उपाय, पण कॅमेरा अंधार जास्तच काळा दाखवतो, तेवढं ध्यानात ठेवावं.

जुलैत एक रविवार काढून बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, गेले. गुरुजींच्या शाळेची सहल तिथे आली होती, ते एक प्रकरण पुस्तकात आहे. बसदी रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, म्हणून फक्त वही आणि पेन्सिल नेली. वही घेऊन बसायला कुणी हरकत घेतली नाही. आतले घोटून गुळगुळीत केलेले गोल खांब पाहण्यासारखे आहेत. दारातून आलेला उजेड प्रत्येक खांबावर एक अरुंद उभी चकाकी टाकतो. छतातलं उलटं कमळ मात्र दाराकडून, म्हणजे खालून, उजळतं. त्यामुळे पाकळ्यांच्या सावल्या नेहमीच्या उलट, वरच्या बाजूला जातात. ओळखीचा आकार उलट्या उजेडात अनोळखी होतो. ते चित्र पेन्सिलीनं दोन बैठकांत झालं, फार त्रास दिला नाही.

बेळगावात सावली शिकायची तर शहरानंच पुष्कळ देऊन ठेवलं आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णी इथले. त्यांच्याकडे शिकलेले रवी परांजपे १९३५ साली इथेच जन्मले आणि पुढे कथाचित्रांतलं मोठं नाव झाले. परांजप्यांची छापील चित्रं मी भिंगाखाली धरून बघितली. सावलीत ते किती कमी रेघा मारतात ते बघण्यासारखं आहे. सावलीच्या आत तपशील भरायचा मोह मला सतत होतो. तो मोह आवरायला मी त्यांच्या चित्रांवरून शिकले.

ऑगस्टमध्ये रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या मुलाचं चित्र घेतलं. लहान दिव्याचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून चेहरा उजळ, खांदा अंधुक, भिंत जवळपास काळी. मुलाची भिंतीवरची सावली मुलापेक्षा मोठी, कारण दिवा जवळ आणि भिंत लांब. या चित्राआधी सा. ल. हळदणकरांच्या निरांजन घेतलेल्या बाईच्या जलरंगाची चांगली छापील प्रत मिळवून समोर ठेवली. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं समजतात, पण ते सावंतवाडीच्या हळदणकरांचं आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. ज्योतीवर आडवा हात आहे, म्हणजे दिवा दिसतच नाही. दिसतो तो त्यानं उजळलेला चेहरा आणि बोटांच्या कडा. मीही चिमणी पुस्तकाच्या आड ठेवली. ज्योत न काढल्यामुळे कागदाचा सगळा पांढरा चेहऱ्यासाठी मोकळा राहिला.

तोवर मी प्रेसवाल्यांना गाठलं होतं, आणि सगळ्यात उपयोगी सल्ला त्यांच्याकडून मिळाला. ते म्हणाले, "ताई, चित्रं पुरी करायच्या आधी एक पट्टी द्या, छापून दाखवतो." मी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा चौकटींची पट्टी केली. दुसऱ्या एका कामाच्या कागदावर मोकळी जागा होती, तिथे त्यांनी ती पुस्तकाच्याच कागदावर, ७० जीएसएम मॅपलिथोवर, छापून दिली. पैसे घेतले नाहीत.

पट्टीत काय झालं ते सांगते. छपाईत राखाडी रंग नसतो, काळे ठिपके असतात. मॅपलिथोसारखा विनाचकाकीचा कागद शाई पितो आणि ठिपका पसरतो. पन्नास टक्क्यांचा राखाडी जवळजवळ सत्तरीचा दिसायला लागला होता. शेवटच्या तीन चौकटी मिळून एकच काळा झाला आणि सगळ्यात फिकट चौकट कागदात विरून गेली. दहा पायऱ्यांपैकी डोळ्याला वेगळ्या दिसत होत्या त्या पाच-सहाच.

तेव्हापासून मी पाच छटांत काम केलं: कोरा कागद, फिकट, मधली, गडद, काळी. चित्र सुरू करायच्या आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत फक्त तीन छटांचा आराखडा करायचा, आणि त्यातही पहिला प्रश्न असा: कोरा कागद कुठे राहणार? स्वयंपाकघराच्या चित्रात तो दोनच जागी राहिला, चुलीजवळचा पट्टा आणि काकूंच्या बोटांवरचा कवडसा. बाकी सगळं त्यासाठी एकेक पायरी खाली गेलं, पातेली, भिंत, पदर, सगळं. हा निर्णय आधी झाला की हात निर्धास्त चालतो. तो झाला नसेल तर कितीही छायांकन करा, चित्र राखाडीच राहतं. चौदा चित्रांनंतर मला खात्रीनं सांगता येईल अशी ही एकच गोष्ट आहे.

साधनांबद्दल थोडं. पेन्सिलचा गडद भाग चकाकतो आणि स्कॅन करताना पांढुरका येतो, म्हणून काळ्या जागांसाठी कोळशाची कांडी वापरली. सहा चित्रं पेनानं, रेघांच्या जाळीत केली. ती १२०० डीपीआयला, निव्वळ काळी-पांढरी स्कॅन केली. त्यांत ठिपके पडत नाहीत, त्यामुळे छपाईत ती सगळ्यात स्वच्छ आली. बाकीची ६०० डीपीआयला राखाडीत. काळ्या शाईचा पातळ वॉश फक्त भातलावणीच्या चित्राला. पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही आणि कागद फुगतो. चारी बाजूंनी गमटेप लावून पाटीवर ताणून, पंख्याखाली रात्रभर ठेवावा लागला. कागद, पेन्सिली, कोळसा, फिक्सेटिव्ह आणि स्कॅनिंग मिळून माझे साधारण चौतीसशे रुपये गेले. मोबदला आला अकरा हजार दोनशे.

सप्टेंबरात, गणपतीनंतर, सगळी चित्रं घेऊन गुरुजींकडे गेले. पोटात गोळा होता. त्यांनी एकेक कागद खिडकीशी नेऊन बघितला. शाळेच्या चित्रावर थांबले. "चांगलं हाय की. पण पोरी, आमची शाळा देवळात भरायची. दार पूर्वेला. सकाळी ऊन पार फळ्यापर्यंत यायचं, फळा दिसायचाच नाही. मास्तर म्हणायचे, थांबा, ऊन सरकू दे." मी उजेड उजवीकडून घेतला होता. ते ऐकल्यावर चित्र पुन्हा काढलं, आणि फळ्यावरच कोरा कागद ठेवला. त्या पानावर आता मुलं थांबलेली आहेत, नुसती बसलेली नाहीत. ज्याच्या आठवणी आहेत त्याला दारं-खिडक्या कुठल्या दिशेला होत्या हे सुरुवातीलाच विचारून घ्या. मी आता हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते.

ऑक्टोबर वाट बघण्यात गेला. दिवाळीपर्यंत प्रेसमध्ये अंक, कॅलेंडरं आणि पावतीपुस्तकांची गर्दी असते, एकट्या लेखकाचं पुस्तक मागे पडतं. तेवढ्यात आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचं, काम उरकलं. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो, मध्ये एजंटला पैसे द्यायची गरज नाही. गुरुजींचं आधार कन्नड आणि इंग्रजीत. अर्जातलं नाव आधारवरच्या इंग्रजी स्पेलिंगशी तंतोतंत जुळवलं, मुखपृष्ठाची प्रत जोडली आणि काही आठवडे दर दोन दिवसांनी ईमेल उघडून बघत राहिलो. गुरुजींना तो तेरा आकडी क्रमांक आला तेव्हा त्यांनी तो वहीत उतरवून घेतला.

नोव्हेंबरच्या मध्यावर प्रूफ आलं. प्रूफ डिजिटल मशीनवरचं असेल तर त्यावरून छटांचा अंदाज बांधू नका, ऑफसेटला पुन्हा फरक पडतो. मी प्रेसवाल्यांना विनंती केली आणि पहिल्या फर्म्याची, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांची, छपाई सुरू होताना मशीनपाशी उभी राहिले. चिमणीच्या चित्रात भिंत आणि मुलाचे केस एक झाले होते. त्यांनी शाई थोडी कमी केली आणि केसांची कड सुटी झाली. नऊ फर्मे, एकशे चव्वेचाळीस पानं, पाचशे प्रती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गठ्ठे घरी आले.

शेवटचं काम टपालाचं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत स्वखर्चानं चार प्रती पाठवायच्या असतात: एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, बाकीच्या चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना. स्वतः पुस्तक काढणाऱ्या अनेकांना हे माहीतच नसतं. आम्ही चारही पाकिटं एकाच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवली आणि पावत्या कराराच्या कागदासोबत लावून ठेवल्या.

मूळ चित्रं माझ्याकडे आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत कोळशाच्या चित्रांना बुरशी धरते, म्हणून प्रत्येकावर बटर पेपर घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहेत. दर पावसाळ्यानंतर ती बाहेर काढून सावलीत वारा द्यायचा आहे. उन्हात नको, कागद पिवळा पडतो.